महारोहिणीची चतुःसीमा

शेतजमिनीच्या कोणत्याही जुन्या खरेदीखतात एक मजकूर हटकून आढळतो. पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट, उत्तरेस गावची शीव, असा तो मजकूर असतो. त्याला चतुःसीमा म्हणतात. क्षेत्र किती, आकार किती, हे आकडे शेजारीच लिहिलेले असतात. पण तंटा उभा राहिला म्हणजे आकडे बाजूला राहतात आणि सारा खल या चतुःसीमेवर चालतो. दोन एकर वीस गुंठे हा आकडा अगदी बिनचूक असला, तरी तो कोणत्या तुकड्याविषयी आहे हे ठरल्याखेरीज त्याला काही अर्थ नसतो. सरकारी नोकरीत माझी पुष्कळ वर्षे अशा कागदांच्या संगतीत गेली. परंतु माणसाच्या छातीतील एका रक्तवाहिनीलाही चतुःसीमा लागते, आणि ती लिहिलेली नसली तर प्रश्न जमिनीचा न राहता जिवाचा होतो, हे मला शिकवले ते घरातील एका प्रसंगाने.

माझे थोरले बंधू निवृत्तीनंतर आपल्या मुलाकडे हैदराबादेस राहावयास गेले. त्याआधी नागपुरास असताना, खोकल्याच्या निमित्ताने काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये, हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी थोडी फुगलेली आहे असे आढळले होते. तिचा व्यास अहवालात ४५ मिलिमीटर लिहिला होता. रक्तदाब ताब्यात ठेवा आणि वर्षाने पुन्हा तपासून घ्या, असे डॉक्टरांनी सांगितले. वर्षाने हैदराबादेस तपासणी झाली. त्या अहवालात आकडा होता ५० मिलिमीटर.

पाच मिलिमीटर म्हणजे तांदळाच्या एका दाण्याची लांबी. परंतु या रक्तवाहिनीच्या बाबतीत एका वर्षात पाच मिलिमीटर वाढ होणे ही फार गंभीर गोष्ट आहे. अमेरिकेतील हृदयविषयक संस्थांनी २०२२ साली जी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली, त्यांत सामान्यतः ५५ मिलिमीटर व्यासाला शस्त्रक्रियेची मर्यादा मानले आहे. पण एका वर्षात पाच मिलिमीटर वाढ झाल्याची खात्री पटली, तर त्याआधीही शस्त्रक्रिया करावी असे म्हटले आहे. बंधूंनी हे सारे कोठून तरी वाचले. ते मुळातच टापटिपीचे गृहस्थ. कपाटातील पासबुके आणि विम्याचे कागद काढून एका दुपारी ते वहिनींना एकेक समजावून सांगू लागले. वहिनी ऐकत होत्या. पण त्यांचे लक्ष कागदांकडे नव्हते.

आता ही रक्तवाहिनी कशी असते ते थोडे पाहू. मी वैद्य नव्हे. जाणत्यांकडून जे समजून घेतले, तेवढेच सांगतो.

हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यातून शुद्ध रक्त ज्या वाहिनीतून बाहेर पडते तिला आपल्या शास्त्रीय ग्रंथांत महारोहिणी म्हणतात; बोलण्यात आपण महाधमनी म्हणतो. हातात धरावयाच्या काठीची मूठ जशी असते, तसा तिचा आकार. प्रथम ती वर चढते, मग कमानीसारखी वळते, आणि मग पाठीच्या कण्याला धरून खाली उतरते. जो भाग वर चढतो ती आरोही महारोहिणी. शरीराला जाणारे सारे रक्त प्रथम या वितीहून लहान मार्गाने जाते, आणि प्रत्येक ठोक्याचा पहिला तडाखा तिलाच सोसावा लागतो.

हा तडाखा भिंतीला न पेलल्यास काय होते, याची एक जुनी नोंद आहे. इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज २५ ऑक्टोबर १७६० रोजी सकाळी केन्झिंग्टनच्या राजवाड्यात अकस्मात कोसळला आणि मरण पावला. फ्रँक निकोल्स या राजवैद्याने त्याच्या देहाचे विच्छेदन केले. हृदयाभोवतीची पिशवी साकळलेल्या रक्ताने भरलेली होती, आणि महारोहिणीच्या आतल्या बाजूस सुमारे दीड इंच लांबीची आडवी चीर होती. त्या चिरेतून रक्त भिंतीच्या थरांमध्ये शिरले होते. निकोल्सने चीर कोठे, कोणत्या दिशेने आणि किती लांब, हे तिन्ही लिहून ठेवले. म्हणूनच अडीचशे वर्षांनंतरचा वैद्यही ती नोंद वाचून राजाला काय झाले ते ओळखू शकतो. केवळ रक्तवाहिनी फाटली एवढेच त्याने लिहिले असते, तर त्या नोंदीचा आज फारसा उपयोग झाला नसता.

या आरोही भागाच्या सीमा कोणत्या? येथे एक गंमत आहे. जमिनीच्या हद्दी तीन प्रकारच्या असतात. काही निसर्गानेच घातलेल्या, जशी नदी किंवा डोंगराची धार. काही शेजारच्या खुणेवरून ओळखावयाच्या, जसे देवळाच्या किंवा वडाच्या समोरून जाणारी रेघ. आणि काही नुसत्या कागदावर आखलेल्या, दोन दगडांच्या मधून जाणाऱ्या सरळ रेषा. महारोहिणीत या तिन्ही प्रकारच्या हद्दी आहेत.

प्रारंभी हृदयाची झडप आहे. तिला तीन पाकळ्या असतात. झडपेच्या मुळाशी एक कडे आहे असे डॉक्टर म्हणतात. पण पाकळ्या भिंतीला जोडलेल्या असतात त्या मुकुटाच्या कंगोऱ्यांसारख्या वरखाली, आणि एकसंध वर्तुळाकार कडे असे तेथे काही नसते. तिन्ही पाकळ्यांचे सर्वांत खालचे बिंदू घ्यावयाचे आणि त्यांतून मनाने एक वर्तुळ काढावयाचे, हेच ते कडे. म्हणजे महारोहिणीची पहिलीच हद्द कागदावरची आहे.

त्याच्या वर भिंतीला तीन फुगवटे असतात. इटलीतील बोलोन्या येथील शरीरशास्त्रज्ञ अंतोनियो मारिया व्हाल्साल्वा यांच्या नावाने त्यांना व्हाल्साल्वाची कोटरे म्हणतात. व्हाल्साल्वा १७२३ साली वारले. त्यांच्या दोनशे वर्षे आधी, सुमारे १५१३ साली, लिओनार्दो दा विंची याने या कोटरांत रक्ताचे भोवरे कसे फिरत असतील आणि झडप मिटण्यास ते कसे साहाय्य करीत असतील याची चित्रे काढून ठेवली होती. यांपैकी दोन कोटरांतून खुद्द हृदयाला रक्त देणाऱ्या शाखा निघतात.

कोटरे संपतात तेथे वाहिनी किंचित आवळते आणि मग सरळ नळीसारखी होते. या सांध्यावर आतून एक बारीकशी कड असते. ही मात्र नदीसारखी, निसर्गाने घातलेली हद्द. ती नुसती दिसावयाची कड नव्हे. तिच्या खालचा आणि वरचा भाग गर्भावस्थेत वेगवेगळ्या पेशीसमूहांपासून घडतात, आणि दोहोंचे रोगही पुष्कळदा वेगळे असतात. मार्फान नावाच्या आनुवंशिक विकारात विशेषतः खालची कोटरे फुगतात. उलट ज्यांच्या झडपेला जन्मतः तीनऐवजी दोनच पाकळ्या असतात, त्यांच्यात बहुधा वरची नळी फुगते.

या नळीचा शेवट जेथे कमानीची पहिली शाखा, म्हणजे उजव्या हाताकडे आणि डोक्याच्या उजव्या बाजूकडे जाणारी रोहिणी, फुटते तेथे मानतात. आणि नळीचा मध्य? तो नळीवर कोठेच दाखविलेला नाही. शेजारून फुप्फुसांकडे जाणारी रोहिणी ज्या पातळीवर दुभंगते, त्या पातळीला नळीचा मध्य मानावयाचे असा संकेत आहे. देवळासमोरची रेघ म्हणतात ती हीच.

२०१० साली अमेरिकेतील संस्थांनी संपूर्ण महारोहिणीवर मोजमापाची नऊ ठाणी निश्चित केली. त्यांतील पहिली तीन या आरोही भागात येतात: कोटरे, सांधा आणि नळीचा मध्य. चौथे ठाणे पहिल्या शाखेपाशी, कमानीच्या आरंभी. मोजणीच्या भाषेत बोलावयाचे, तर चार ठिकाणी हद्दीचे दगड रोवले गेले.

हा एकच नकाशा आहे असे मात्र नव्हे. रक्तवाहिनीच्या आत अस्तर घालणारे शल्यविशारद दुसरा नकाशा वापरतात. तो इशिमारू या जपानी शल्यविशारदाच्या नावाने ओळखला जातो. त्यात कमानीला फुटणाऱ्या शाखांना सीमा मानून गट पाडले आहेत, आणि पहिल्या शाखेपर्यंतची सगळी आरोही महारोहिणी शून्य क्रमांकाच्या एकाच गटात टाकली आहे. कमानीवर काम करणाऱ्याला तेवढे पुरते. पुढे आरोही भागातही अस्तर घालण्याचे प्रयत्न सुरू झाले, तेव्हा त्या शून्य गटाचे तीन पोटहिस्से पाडावे लागले: हृदयाच्या शाखांच्या उगमापर्यंत पहिला, उजव्या फुप्फुसरोहिणीच्या वरच्या कडेपर्यंत दुसरा, आणि पहिल्या शाखेपर्यंत तिसरा. महसूल खात्याचा नकाशा आणि वन खात्याचा नकाशा एकाच डोंगराचे असले, तरी त्यांवरील रेषा निराळ्या असतात. त्यात कोणी खोटा नसतो. कोणता नकाशा समोर धरून आपण बोलत आहो, ते सांगितले म्हणजे झाले.

आता हे सारे सीटी स्कॅनच्या चित्रात कसे उतरते ते पाहू. यंत्र शरीराचे आडवे काप दाखविते. पण महारोहिणी कापाला काटकोनात उभी राहण्याचे बंधन पाळीत नाही. ती तिरकी चढते आणि वळते. काकडी सरळ चिरली तर चकती गोल होते, आणि तिरकी चिरली तर लांबट. तोच प्रकार येथे होतो. ४५ मिलिमीटर व्यासाची नळी तीस अंशांनी तिरकी कापली, तर चकतीचा लांब व्यास सुमारे ५२ मिलिमीटर भरतो. म्हणून तज्ज्ञ माणूस संगणकावर चित्र असे फिरवून घेतो की काप वाहिनीच्या अक्षाला अगदी काटकोनात बसावा, आणि मगच मोजतो. शिवाय माप भिंतीच्या आतल्या कडेपासून घेतले की बाहेरच्या, हेही सांगावे लागते. हृदयाच्या ठोक्याशी मेळ न घालता चित्र घेतले, तर हलणाऱ्या भिंतीची दुहेरी रेषा उमटते आणि कधी कधी ती चिरेसारखी भासते.

बंधूंच्या प्रकरणात शल्यचिकित्सकांनी एक गोष्ट केली, आणि तिच्याबद्दल आमचे कुटुंब त्यांचे कायमचे ऋणी आहे. त्यांनी नुसता अहवाल मानला नाही. नागपूरच्या चित्रांची तबकडी मागवून घेतली. क्ष-किरणशास्त्राच्या एका डॉक्टरीणबाईंनी दोन्ही वर्षांची चित्रे शेजारी शेजारी पडद्यावर लावली. मी मागे उभा होतो. बाई म्हणाल्या, "आकडे तूर्त विसरा. कोठे मोजले आहे ते आधी पाहू." दोनच मिनिटांत उलगडा झाला. पहिल्या वर्षीचे माप नळीच्या मध्यावर घेतलेले होते, दुसऱ्या वर्षीचे कोटरांच्या पातळीवर. दोन्ही मापे आपापल्या जागी बरोबर होती. दोन्ही अहवालांत मात्र "आरोही महारोहिणी" एवढेच लिहिले होते. बाईंनी पहिल्या वर्षीच्या चित्रात कोटरे मोजली. ती तेव्हाही ५० होती. दुसऱ्या वर्षीच्या चित्रात नळीचा मध्य मोजला. तो अजूनही ४५ होता. वर्षभरात काहीच वाढलेले नव्हते.

आम्हांला हायसे वाटले, हे सांगावयास नकोच. पण बाईंनी त्याच वेळी दुसरी बाजूही दाखविली. ही चूक उलट दिशेनेही होऊ शकते, त्या म्हणाल्या. पहिल्या वर्षी कोटरे मोजली असती आणि दुसऱ्या वर्षी नळी, तर वाढत असलेली वाहिनीही अहवालात स्थिर, किंबहुना आक्रसलेली दिसली असती, आणि माणूस निर्धास्त घरी गेला असता. शिवाय बंधूंच्या बाबतीत अधिक रुंद जागा कोटरांची होती, आणि तिची नोंद पहिल्या वर्षी झालीच नव्हती. समाधान मानावयाचे ते एवढेच, की ती वाढत नव्हती.

जागा ठरविण्याचे महत्त्व व्यासापुरतेच नाही. नळी तेवढी फुगलेली असेल, तर शल्यचिकित्सक सांध्याच्या वरचा भाग कापून तेथे कृत्रिम नळी शिवतात. कोटरेही फुगलेली असतील, तर काम फार मोठे होते. मूळच बदलावे लागते, आणि हृदयाला रक्त देणाऱ्या दोन्ही शाखा सोडवून नव्या नळीत पुन्हा बसवाव्या लागतात. लंडनमध्ये ह्यू बेंटॉल आणि अँटनी डी बोनो यांनी १९६८ साली झडपेसह मूळ बदलण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. पुढे रोग्याची स्वतःची झडप राखून मूळ बदलण्याच्या रीतीही निघाल्या. शस्त्रक्रिया कोणती होणार, हे पुष्कळदा फुगवटा त्या बारीक कडेच्या खाली आहे की वर, यावर ठरते.

लांबीचेही तसेच आहे. महारोहिणी रुंद होते तशी लांबही होते. अमेरिकेतील येल विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ साली असे दाखविले, की मुळापासून पहिल्या शाखेपर्यंतची लांबी १३ सेंटिमीटर किंवा अधिक असलेल्यांत, ती ९ सेंटिमीटरहून कमी असलेल्यांच्या तुलनेने, आपत्तीचे वार्षिक प्रमाण जवळजवळ पाचपट होते. केवळ व्यासावर विसंबून चालत नाही हे त्याआधीच ध्यानात आले होते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत, आरोही महारोहिणी चिरलेल्या ५९१ रोग्यांपैकी ५९ टक्क्यांचा व्यास ५५ मिलिमीटरहून कमी होता. परंतु लांबी मोजावयाची म्हणजे कोठून कोठपर्यंत, हा प्रश्न पहिला येतो, आणि आपण पुन्हा त्या मनाने काढलेल्या वर्तुळापाशी येऊन थांबतो.

कधी कधी हद्दच नाहीशी होते. मार्फानच्या रोग्यांत कोटरे आणि नळी यांमधील सांधा इतका ताणला जातो की आवळलेली जागा उरत नाही आणि वाहिनी पेअरच्या फळासारखी दिसू लागते. पुराने बांध वाहून गेल्यावर मोजणीदाराने काय करावे? जुन्या अंदाजाने रेघ मारून मोकळे होणे हा अप्रामाणिकपणा होय. बांध वाहून गेला आहे असे त्याने लिहावे. येथेही तेच करावे लागते: सांधा पुसला गेला आहे, ही नोंदच रोगाचे एक लक्षण म्हणून वाचली जाते. सांधा रुंदावला म्हणजे झडपेच्या पाकळ्या एकमेकींपासून ओढल्या जातात आणि मिटताना मध्ये फट राहते. रक्त मागे गळू लागते.

आज ही मोजणी संगणकाकडे सोपविली जात आहे. शेकडो काप पाहून तो काही क्षणांत महारोहिणी वेगळी काढतो, तिचे भाग पाडतो आणि प्रत्येकाचा व्यास सांगतो. ही मोठीच सोय आहे. कारण यंत्र कंटाळत नाही, आणि आज एका रीतीने व उद्या दुसऱ्या रीतीने मोजीत नाही. परंतु त्याला रेषा शिकविली ती माणसांनीच, आपल्या हाताने आखलेली हजारो चित्रे दाखवून. शिकविणाऱ्यांतच सांध्याच्या जागेविषयी मतभेद असतील, तर यंत्र तो मतभेद शिकेल आणि तो आत्मविश्वासाने सांगेल. त्याच्या उत्तराजवळही चतुःसीमा लिहिलेली असावी, एवढा आग्रह आपण धरला पाहिजे.

श्रोतेहो, आपल्यापैकी कोणाच्या घरी असा अहवाल आला, तर तो समजावून घेताना डॉक्टरांना नम्रपणे तीन प्रश्न अवश्य विचारावेत. हे माप नेमके कोणत्या जागी घेतले? मागच्या खेपेस त्याच जागी, त्याच रीतीने घेतले होते काय? आणि मागची चित्रे, नुसता कागद नव्हे, समोर ठेवून ताडून पाहिली काय? जुन्या चित्रांच्या तबकड्या जपून ठेवाव्यात. बदलीच्या गावी, मुलांच्या गावी, परप्रांतात जाणाऱ्या आपल्यासारख्यांनी तर त्या घराच्या दस्तऐवजांबरोबरच ठेवाव्यात.

बंधूंची शस्त्रक्रिया अद्याप करावी लागलेली नाही. ते रक्तदाबाच्या गोळ्या नेमाने घेतात, जड उचलत नाहीत, आणि वर्षातून एकदा तपासून घेतात. त्यांनी एक वही केली आहे. तीत प्रत्येक वर्षापुढे चार रकाने आहेत: कडे, कोटरे, सांधा, नळीचा मध्य. एकदा मी ती चाळीत असताना ते म्हणाले, "हा माझा सातबारा." वहिनी शेजारीच भाजी निवडीत बसल्या होत्या. त्या हसल्या, आणि पासबुके पुन्हा कपाटात गेली आहेत हे मला तेव्हा कळले.